नोकरी जिथली, पेन्शन तिथली

निवृत्तिवेतन कोणत्या राज्याने द्यायचे, हे निवृत्त माणूस कुठे राहतो यावरून ठरत नाही. नोकरीत असताना त्याचा पगार कुठल्या तिजोरीतून निघत होता, यावरून ठरते. बहुतेक ठिकाणी घर आणि नोकरी एकाच राज्यात असल्याने हा फरक कुणाला जाणवत नाही. बेळगाव-निपाणी पट्ट्यात तो पावलोपावली जाणवतो. निपाणीला खेटून असलेले देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. तिथला प्राध्यापक निवृत्तीनंतर निपाणीत घर बांधून राहिला, तरी त्याची पेन्शन महाराष्ट्राचीच. त्याच्या शेजारी राहणाऱ्या सरकारी मराठी शाळेतल्या गुरुजींची पेन्शन मात्र बंगळूरहून मंजूर होते. पलीकडच्या माजी सैनिकाचे कागद प्रयागराजला असतात. आणि जन्मभर विड्या वळलेल्या बाईला भविष्यनिर्वाह निधीची थोडीशी रक्कम मिळते, नाहीतर कर्नाटक सरकारची ‘संध्या सुरक्षा’ ही वृद्धापकाळाची पेन्शन. एका गल्लीत चार वाटांनी पैसा येतो, आणि प्रत्येक वाटेवरचे टोलनाके वेगळे आहेत.

या गुंत्याची सुरुवात १ नोव्हेंबर १९५६ ची. राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. कालपर्यंत एकाच सरकारचे असलेले कारकून, तलाठी, शिक्षक दोन राज्यांत वाटले गेले आणि त्यांच्याबरोबर पेन्शनची जबाबदारीही वाटली गेली. तशी तरतूद पुनर्रचना कायद्यातच होती. ती पिढी आता राहिलेली नाही. पण हद्दीच्या एका बाजूला राहायचे आणि दुसऱ्या बाजूला नोकरी करायची, हा रिवाज शिल्लक आहे. शिनोळीपासून बेळगाव हाकेच्या अंतरावर आणि निपाणीपासून कागल-कोल्हापूर रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्यात असल्यावर दुसरे काय होणार!

कर्नाटक सरकारचा कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो. २००८ पर्यंत ही मर्यादा ५८ होती. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना ती अजून ५८ च आहे. त्यामुळे एकाच वर्षी जन्मलेल्या दोन भावांपैकी कागल पंचायत समितीत असलेला घरी बसतो, तेव्हा निपाणीच्या सरकारी शाळेतला आणखी दोन वर्षे फळ्यापुढे उभा असतो. निवृत्ती जन्मतारखेच्या दिवशी होत नाही, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस मात्र आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून ही तारीख लिहीत. त्या पिढीचे शिक्षक म्हणूनच ३१ मे रोजी घाऊक संख्येने निवृत्त होताना दिसतात.

पेन्शनच्या कागदांचा पाया म्हणजे सेवापुस्तक. कर्नाटकातल्या कचेऱ्यांत त्याला ‘एस. आर.’ म्हणतात. नेमणुकीची तारीख, दरवर्षीची वेतनवाढ, रजा, बदल्या, वेतननिश्चिती हे सगळे त्यात चढलेले आणि सहीशिक्क्यासह असावे लागते. प्राथमिक शिक्षकाचे सेवापुस्तक क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत असते. निवृत्तीच्या काही महिने आधी तिथून पेन्शनचा प्रस्ताव तयार होतो. त्याला पती-पत्नीचा एकत्र फोटो, वारसांची यादी, बँक खात्याचा तपशील, येणेबाकी नसल्याचा दाखला जोडतात आणि तो बंगळूरच्या महालेखापालांकडे जातो. महालेखापालांचे कार्यालय राज्य सरकारचे नसते. ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या हाताखाली चालते. तिथे सेवेचा एकेक दिवस तपासला जातो. वीस वर्षांपूर्वीची एखादी वेतनवाढ चुकीची ठरली की फाइल शेरा मारून परत. प्रस्तावाला खरा उशीर होतो तो इथे, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा सेवापुस्तकातल्या एखाद्या सही नसलेल्या ओळीत असते. नोकरीत असतानाच दर दोन-चार वर्षांनी आपले सेवापुस्तक मागून पाहण्याची सोय नियमांत आहे. ती फार थोडे वापरतात.

तपासणी पार पडली की महालेखापाल तीन आदेश काढतात: मासिक पेन्शनचा, उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाचा. पहिला तो ‘पी. पी. ओ.’. त्याचा क्रमांक माणसाला पुढे आयुष्यभर लागतो. आदेशाची एक प्रत पेन्शनदाराला मिळते आणि दुसरी ट्रेझरीकडे जाते. कर्नाटकात ट्रेझरीचे सगळे काम ‘खजाने-२’ या संगणक प्रणालीवर चालते. ट्रेझरी आणि बँक यांच्यामार्फत रक्कम खात्यात जमा होते. भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक आणि सरकारी विम्याची, म्हणजे ‘के. जी. आय. डी.’ची रक्कम यांचे कागद वेगळे आणि वाटाही वेगळ्या. ‘सगळे पैसे एकदम मिळतील’ या समजुतीने निवृत्तीच्या महिन्यातच मुलीच्या लग्नाची तारीख धरणारे अडचणीत येतात ते यामुळे.

अंशराशीकरण हा भाग बहुतेकांना नीट समजलेला नसतो, म्हणून तो आकड्यांत मांडलेला बरा. समजा, एखाद्याचे अखेरचे मूळ वेतन ६०,००० रुपये आहे आणि सेवा पूर्ण झालेली आहे. मूळ पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे ३०,००० रुपये. कर्नाटकात यातला एक तृतीयांशापर्यंतचा भाग सरकारला ‘विकता’ येतो. १०,००० रुपयांचा भाग विकला तर ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे त्याची एकरकमी किंमत हाती पडते आणि दरमहा मूळ पेन्शन २०,००० रुपयेच मिळू लागते. महागाई भत्ता मात्र पूर्ण ३०,००० रुपयांवरच मोजला जातो. पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. तो आपोआप सुरू व्हायला हवा. तरी पंचाहत्तरीच्या आसपास असलेल्याने तो महिना वहीत लिहून ठेवावा आणि पासबुक पडताळून पाहावे. राहून गेलेला हप्ता मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. महाराष्ट्रात हीच विक्री चाळीस टक्क्यांपर्यंत करता येते, त्यामुळे कोल्हापूरच्या मेहुण्याचा हिशेब निपाणीच्या माणसाला लागू पडत नाही. कर्नाटकाचा सातवा राज्य वेतन आयोग १ ऑगस्ट २०२४ पासून प्रत्यक्ष लागू झाला आणि किमान पेन्शन ८,५०० रुपयांवरून १३,५०० रुपये झाली. महागाई भत्ता दोन्ही राज्ये आपापल्या सवडीने जाहीर करतात. त्यामुळे एकाच गल्लीत एकाचा वाढलेला असतो आणि दुसरा पेपरमध्ये बातमी शोधत असतो.

महाराष्ट्रातून निवृत्त होऊन सीमाभागात राहणाऱ्यांची वाट अशीच, फक्त ठाणी निराळी. राज्य सरकारच्या आणि अनुदानित महाविद्यालयांच्या कर्मचाऱ्यांचे प्रस्ताव मुंबईच्या महालेखापालांकडे जातात आणि रक्कम कोल्हापूरच्या जिल्हा कोषागारातून मिळते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांची पेन्शन जिल्हा परिषदच मंजूर करते आणि वाटते. शासनाकडून अनुदान येण्यावर तिची तारीख अवलंबून असल्याने ती मागेपुढे होण्याच्या तक्रारी जास्त. पूर्वी दुसऱ्या राज्यात पेन्शन घ्यायची असेल तर एका राज्याचे महालेखापाल दुसऱ्या राज्याच्या महालेखापालांना खास मोहोरेचे अधिकारपत्र पाठवत. मग त्या राज्याची ट्रेझरी पैसे देई, आणि दोन सरकारांमधला हिशेब रिझर्व्ह बँकेच्या नागपूर येथील केंद्रीय लेखा विभागात मिटवला जाई. ही सोय अजून आहे. पण कोअर बँकिंग आल्यापासून तिची गरज फारशी उरली नाही. पेन्शन कोल्हापूरच्या कोषागारातच ठेवून खाते निपाणीच्या शाखेत चालवणे सोपे पडते. उलट जुन्या पद्धतीत भत्तावाढीचा प्रत्येक आदेश दोन राज्यांच्या कचेऱ्यांतून फिरत येई आणि फरकाची रक्कम महिनोन्‌महिने लोंबकळे.

बँकेच्या बाबतीत अलीकडे आणखी एक घोळ झाला. सीमाभागात ज्यांच्या शाखा गावोगाव होत्या त्यांपैकी सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, कॉर्पोरेशन बँक त्याच दिवशी युनियन बँकेत गेली आणि विजया बँक वर्षभर आधीच बँक ऑफ बडोदात गेली होती. पाटी बदलली, आयएफएससी क्रमांक बदलले, पासबुके बदलली. पेन्शनचे हिशेब आता शाखेत होतही नाहीत. ते प्रत्येक बँकेच्या केंद्रीय पेन्शन कक्षात होतात. शाखेतला कारकून अर्ज घेऊन पुढे पाठवतो, एवढेच त्याच्या हातात असते. त्याच्यावर आवाज चढवून काही निष्पन्न होत नाही. लेखी अर्जाची पोच घ्यावी, हे बरे.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो नसला की पेन्शन थांबते, आणि दिला की थकबाकीसह पुन्हा सुरू होते. महाराष्ट्रात कोषागाराने बँकेला पाठवलेल्या यादीत नावापुढे सही करण्याची पद्धत जुनी आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही आधारवर चालणारी सोय सुरू केली. आधी त्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांच्या बुबुळांची खूण लागे. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही दाखला निघतो. पोस्टमन थोड्या शुल्कात घरी येऊनही हे काम करून देतो. सीमाभागात चूक होण्याची जागा एकच: अर्ज भरताना पेन्शन मंजूर करणारे आणि वाटणारे कार्यालय यादीतून निवडावे लागते. पेन्शन महाराष्ट्राची असली तरी निपाणीच्या केंद्रातल्या मुलाचा हात सवयीने कर्नाटकावर जातो. दाखला निघतो, मोबाइलवर संदेशही येतो, पण तो कोल्हापूरला पोचतच नाही. डिसेंबर-जानेवारीत पैसे आले नाहीत की मग शोध सुरू होतो. याच दिवसांत ‘तुमचा दाखला राहिलाय, ओटीपी सांगा’ असे फोन येतात. कोणतीही ट्रेझरी वा बँक ओटीपी विचारत नाही.

वर सांगितलेले सगळे जुन्या पेन्शनवाल्यांचे. कर्नाटकात १ एप्रिल २००६ रोजी किंवा त्यानंतर, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेले राष्ट्रीय पेन्शन योजनेत मोडतात. दरमहा पगाराचे दहा टक्के त्यांचे आणि चौदा टक्के सरकारचे, असा निधी साठतो व तो बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हाती मिळते आणि उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. महिन्याला नेमके किती मिळतील, हे आधी कुणी सांगू शकत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये आधी कर्नाटकातले आणि मग महाराष्ट्रातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा जुनी पेन्शन परत आणा ही त्यांची ठळक मागणी होती. १ एप्रिल २००६ पूर्वी जाहिरात निघाली पण नेमणूक नंतर झाली, अशा काही हजार कर्मचाऱ्यांना कर्नाटक सरकारने २०२४ च्या आरंभी जुन्या योजनेत घेतले. बाकीच्यांचा प्रश्न उभाच आहे.

फौजी पेन्शनचा वाटा या भागात मोठा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. बेळगाव, खानापूर, चंदगडच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले पलटणीत जातात आणि चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शन घेऊन परततात. त्यांच्या पेन्शनचा राज्यांशी संबंध नाही. ती संरक्षण खात्याच्या प्रयागराज येथील कार्यालयातून मंजूर होते आणि आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून थेट खात्यात येते. हद्द कुठलीही असो, कागद एकच, हे त्यांचे सुख. याखेरीज, हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या वारसांना महाराष्ट्र शासन निवृत्तिवेतन देते. राहणे कर्नाटकात आणि पेन्शन महाराष्ट्राची, याचा हा सर्वांत निराळा नमुना.

निपाणी म्हटले की तंबाखू आणि विडी आलीच. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया कामगार ठरतात की नाही, यावर बरीच वर्षे वाद चालला. १९७७ मध्ये विडी उद्योग भविष्यनिर्वाह निधी कायद्याखाली आणला गेला आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी वळणाऱ्यांनाही तो लागू असल्याचा निर्वाळा दिला. १६ नोव्हेंबर १९९५ पासून याच खात्याला कर्मचारी पेन्शन योजना जोडली गेली. सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र मासिक वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. सेवा किमान दहा वर्षे आणि वय ५८. महिन्याला ३,००० रुपये मजुरी आणि पंधरा वर्षे सेवा धरली तर ६४३ रुपये होतात. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरवली गेल्याने अशा बाईला हजार मिळतात. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते आणि कच्चा माल कमी मिळाला की कामाचे दिवस घटतात. म्हणून सूत्रातला पहिला आकडाच लहान राहतो. ज्या बाईचे नाव ठेकेदाराच्या वहीवर चढलेच नाही, तिच्या नावावर मुळात सेवाच नाही. १ जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत घेता येते, ही सोय सासर-माहेर हद्दीच्या दोन बाजूंना असलेल्या बायांच्या उपयोगाची.

ज्यांच्यामागे नोकरीच नव्हती, त्या शेतमजूर, विणकर, घरकामगार वृद्धांसाठी कर्नाटकात २००७ पासून ‘संध्या सुरक्षा’ योजना आहे. वय ६५ पूर्ण, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आणि दुसरी पेन्शन नसलेली, या तिच्या अटी. सुरुवातीला ४०० रुपये होते, २०२१ पासून १,२०० आहेत. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे काही गावे मिळून असलेल्या महसूल कचेरीत, किंवा गावच्या सेवाकेंद्रात द्यायचा. गावचा महसूल अधिकारी, ज्याला लोक अजून तलाठीच म्हणतात, चौकशी करतो आणि तहसीलदारांच्या कचेरीतून मंजुरी निघते. पूर्वी ही रक्कम मनीऑर्डरने येई आणि पोस्टमनच्या हातावर काही टिकवल्याशिवाय पुरी मिळत नसे, अशी बोलवा होती. आता ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. यात नवी मेख अशी की खाती दोन-तीन असली तर पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. म्हातारी जुने पासबुक घेऊन सोसायटीच्या बँकेत खेटे घालते आणि पैसे मात्र मध्यंतरी कुठल्याशा शिबिरात उघडलेल्या पोस्टाच्या खात्यात साठत राहतात. तंबाखू आणि शेतीत राबून बोटांचे ठसे घासून गेलेले असले की अंगठा लागत नाही, हा आणखी एक अडथळा. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून १,५०० रुपये मिळतात. तीनशे रुपयांचा हा फरक कोगनोळीच्या पारावर सगळ्यांना तोंडपाठ असतो. तो घेता मात्र येत नाही, कारण महाराष्ट्राच्या योजनेला महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो.

भाषेची अडचण या सगळ्यांत मिसळलेली आहे. कर्नाटकातले अर्ज, आदेश, नोटिसा कन्नडमध्ये असतात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाची कागदपत्रे त्यांच्या भाषेतही द्यावीत, असे संरक्षण १९५६ च्या केंद्रीय निवेदनापासून कागदावर आहे, आणि मराठीतून परिपत्रके द्या ही सीमालढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीची मागणी जुनीच आहे. प्रत्यक्ष त्रास नावांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, शिधापत्रिकेवर कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत. एकीकडे वडिलांचे नाव, दुसरीकडे आडनाव आणि बाईच्या बाबतीत माहेरचे-सासरचे दोन्ही. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. प्रतिज्ञापत्र करून नाव जुळवून घेणे हे काम साठीच्या आतच उरकलेले बरे.

पेन्शनदार वारला की मासिक पेन्शन त्या दिवसापुरतीच असते. मृत्यूचा दाखला, पी. पी. ओ. आणि वारसाचा अर्ज बँकेमार्फत ट्रेझरीकडे दिला की कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते. ते सर्वसाधारणपणे अखेरच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के असते. पी. पी. ओ.वर जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख आधीच असेल तर हे काम लवकर होते. नसेल तर पुन्हा बंगळूरची किंवा मुंबईची फेरी. मृत्यूनंतर एटीएममधून काढलेली पेन्शन बँक वसूल करते, त्यामुळे त्या खात्याला घरच्यांनी हात न लावता आधी शाखेत कळवायचे असते. संध्या सुरक्षेत असा वारसाहक्क नाही. मागे राहिलेल्या पत्नीला विधवा पेन्शनसाठी किंवा तिच्या स्वतःच्या वयानुसार वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी नाडकचेरीत नवा अर्ज द्यावा लागतो.